उधारीचा तंटा आणि वहीवरची सही

दोडामार्गचा बाजार गोव्याच्या वेशीवरचा. आम्हा कापडवाल्यांची उधारी पलीकडे डिचोलीपर्यंत जाते, आणि बाकी थकली की दोन्हीकडची तोंडे फिरतात. पैशापेक्षा हिशेबावरूनच जास्त वाजते, असे आमचे मत आहे.

कुरआन शरीफात (सूरह बकरा, आयत २८२) मुदतीचे देणे लिहून साक्षीदार घेण्याचा हुकूम आहे. कायदाही कागदच मागतो. १९६३ च्या मुदतीच्या कायद्याने उधार मालाच्या किमतीचा दावा तीन वर्षांत लावावा लागतो. मुदत भरत आली की व्यापारी घाबरून वकिलाकडे धावतो आणि जुना घरोबा तुटतो. वास्तविक मुदतीच्या आत देणेकऱ्याने बाकी कबूल करून सही दिली, तर त्या दिवसापासून मुदत नव्याने धरतात. ही सही गिऱ्हाइकांसमोर मागू नये. दुकान मिटल्यावर, चहा पाजून मागावी.

रक्कमच पटत नसेल तर दोघांनी एकेक जाणता माणूस बसवावा. नवराबायकोच्या वादासाठी सूरह निसात (आयत ३५) हीच रीत आहे. तिथेही न जुळल्यास लोकअदालत. तिला फी नाही, दाखल दाव्याची कोर्ट फी परत मिळते, आणि १९८७ च्या कायद्याने तिच्या निवाड्यावर अपील नाही. मात्र दोघे राजी असतील तरच तो निवाडा होतो.