चार मायक्रॉनचा पडदा

दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेत कार्बन डायऑक्साइडने पोट फुगवतात आणि बेंबीपाशी जेमतेम १० मिलिमीटर जाडीची नळी आत घालतात. तिच्या टोकाचं भिंग जे दाखवतं ते सिनेमाच्या पडद्यावर पाहिलं की डोकं गरगरतं. व्हेरेना पारावेल आणि लुसियन कास्टेंग-टेलर यांनी पॅरिसच्या रुग्णालयांत चित्रित केलेला ‘दे ह्युमानी कॉर्पोरिस फाब्रिका’ (२०२२) हा माहितीपट जवळपास दोन तास आपल्याला असंच देहाच्या आत फिरवतो. निवेदन नाही, आकडा नाही. समोरचं मांस नखाएवढं की तळहाताएवढं, कळायला मार्ग नाही. अँड्रियास व्हेसालियसने वयाच्या २८व्या वर्षी, १५४३ साली, याच नावाचा शरीररचनेचा ग्रंथ छापला. त्यातल्या आकृत्या पाहताना निदान माणूस केवढा, हे दिसत राहतं. इथे ते मोजमाप आपणच सोबत न्यावं लागतं.

डोळ्याचंच घ्या. मोतीबिंदू काढायला आज बुबुळाच्या कडेला अडीच मिलिमीटरच्या आसपास छेद पुरतो. फेको नावाच्या या पद्धतीतली सुई सेकंदाला सुमारे ४०,००० वेळा कंप पावते, गढूळ झालेलं भिंग फोडते आणि त्याचा चुरा ओढून घेते. मग त्याच छेदातून ६ मिलिमीटरचं कृत्रिम भिंग घडी घालून आत सरकवतात. आत गेल्यावर ते हळूहळू उलगडतं. ते ज्या पिशवीत बसतं तिचा मागचा पडदा मध्यभागी फार तर ४ मायक्रॉन जाड, म्हणजे मिलिमीटरचा अडीचशेवा भाग. रक्तातली एक तांबडी पेशी ७-८ मायक्रॉनची असते. पडदा तिच्या रुंदीहून पातळ! सुई तिथपासून केसभर अंतरावर चालते आणि बहुतेक वेळा तो पडदा शाबूत राहतो. मला याच्यापुढे कुठलाही चमत्कार फिका वाटतो.

पण त्याच डोळ्यामागच्या नसेत दहा लाखांवर तंतू आहेत. ते तुटले तर जोडून नजर परत आणणं आजवर कुणालाही जमलेलं नाही.

शरीर मात्र स्वतःला सतत घडवत असतं. अंगात पेशी सुमारे ३० लाख कोटी. त्यातल्या २५ लाख कोटींच्या घरात तांबड्याच. अस्थिमज्जा दर सेकंदाला वीसेक लाख नव्या घडवते. हा माहितीपट संपेतो प्रत्येक प्रेक्षकाच्या हाडांत १,४०० कोटींच्या आसपास पेशी तयार झालेल्या असतात. भूल दिलेल्या, पोट उघडलेल्या रुग्णातही हे काम थांबत नाही. शल्यविशारद कापतो, शिवतो. जखम मात्र शरीरच भरून काढतं.

पण हे कापणं-शिवणं कुणाच्या वाट्याला येतं? २०१२ साली जगभरात ३१ कोटींवर शस्त्रक्रिया झाल्याचा अंदाज आहे. आरोग्यावर सर्वांत कमी खर्च करणाऱ्या देशांत जगातली तिसऱ्या हिश्शाहून जास्त माणसं तेव्हा राहत होती. त्यांच्या वाट्याला त्यातल्या सुमारे ६ टक्केच आल्या. देह तिथेही तसाच, पडदा तेवढाच पातळ. अडीच मिलिमीटरचा तो छेद घेणारा हातच तिथवर फारसा पोचलेला नाही, आणि या सगळ्या आकड्यांत मला सर्वांत जास्त बोचतो तो हा सहा टक्क्यांचाच.