गाडीच्या पोटाखालचा पत्रा

नागझिऱ्याच्या जंगलवाटांवर खुंटं आणि उघडे दगड, धानाच्या बांध्यांकडे वळलं की उंच धुरे. गोंदिया जिल्ह्यात फोर-व्हील-ड्राइव्ह गाडीला पहिला मार बसतो तो इंजिनाखालच्या ऑइल चेंबरला. ते फुटलं, तर तेलाविना इंजिन काही मिनिटांत जाम होऊ शकतं.

म्हणून आधी स्किड प्लेट बसवावी. जाड पोलादाचा किंवा अ‍ॅल्युमिनियमचा हा पत्रा चेसिसला बोल्टने कसतात, म्हणजे दगडाचा धक्का इंजिनाऐवजी चेसिस झेलते. ऑइल बदलायला आणि चिखल-पाणी निथळायला त्याला भोकं हवीतच. उन्हाळ्यात मात्र फार जपायला हवं, कारण हे पानझडीचं जंगल आहे. सुकलेली पानं, गवत पत्र्यावर साचून तापलेल्या सायलेन्सरच्या नळीला टेकलं, तर पेट घेऊ शकतं. २०१३ पासून व्याघ्र प्रकल्प असलेल्या या रानात एवढी ठिणगीही पुरेशी आहे. प्रत्येक फेरीनंतर खाली वाकून कचरा काढायलाच हवा.

समोर बुलगार्ड लावूच नये, असं माझं स्पष्ट मत आहे. डिसेंबर २०१७ मध्ये केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयानेही राज्यांना त्याविरुद्ध कारवाई करायला सांगितलं. धडकेत गाडीचं नाक चुरगळतं आणि धक्क्याची ऊर्जा शोषून घेतं. एअरबॅगचे सेन्सर त्याच हिशोबाने जुळवलेले असतात. कडक लोखंडी गार्ड तो हिशोब बिघडवतो. कोहमाऱ्याच्या महामार्गावर सायकलवाल्याला तो लागला, तर इजा कितीतरी गंभीर होते. पुढे काही लावायचंच असेल, तर चेसिसला घट्ट कसलेला टो-हुक लावा. चिखलात रुतलेली गाडी ओढायला तोच लागतो.