डोळे पिवळे? ‘सिकल असेल’ म्हणून थांबू नका

सिकलसेल आपल्या घरांना नवा नाही. त्यामुळे कुणाचे डोळे पिवळे दिसले की उत्तर तयार असतं, “त्याला सिकल आहे ना!” उत्तर नागपुरातल्या आमच्या ओळखीच्या एका काकांचं हेच झालं. त्यांच्या कार्डावर ‘एएस’ लिहिलं होतं, म्हणजे ते नुसते वाहक. सिकलमुळे डोळे पिवळे होतात ते ‘एसएस’ रुग्णाचे, वाहकाचे नाही. घरात हे कुणाला माहीत नव्हतं. काका दारूला शिवत नव्हते, म्हणून लिव्हरचं नावही कुणी काढलं नाही.

आधी भूक गेली, थकवा आला. मग पाय सुजले, चपलेचा पट्टा रुतू लागला. पोट पुढे आलं आणि हातपाय मात्र काड्या झाले. अंगाला खाज, लघवी गडद, दात घासताना हिरड्यांतून रक्त. प्रत्येक गोष्टीला वेगळं कारण सापडत गेलं, सगळं एकत्र करून कुणी पाहिलं नाही.

मग कावीळ उतरवणाऱ्याकडे नेलं. चुन्याच्या पाण्यात हात धुतले, पाणी पिवळं झालं, घरचे खूश. आंब्याच्या सालीचा रस आधी हाताला लावलेला असला की चुन्याचं पाणी निरोगी माणसाच्या हातानंही पिवळं होतं. दूषित पाण्यातून होणारी कावीळ बहुतेकदा काही आठवड्यांत आपोआप बरी होते आणि श्रेय त्या बाबाला जातं. (गरोदर बाईची कावीळ मात्र एक दिवसही घरी ठेवू नये, त्यातला ‘ई’ प्रकार तिच्या जिवावर उठतो.) काकांचे तीन आठवडे असेच गेले.

शेवटची खूण सगळ्यांत महत्त्वाची, आणि तीच सहज निसटते. काका दिवसभर झोपायचे, रात्रभर जागे. नातवाचं नाव चुकलं, शर्टाची बटणं लागेनात, हात पुढे धरले की पंजे फडफडायचे. लिव्हरनं साफ करायचं विष रक्तातून मेंदूपर्यंत पोहोचलं की असं होतं. घरच्यांना वाटलं बाहेरचं काही लागलं असेल. त्यांनी झोपेची गोळी दिली. अशा रुग्णाला ती गोळी फार घातक. असं बरळणं, रक्ताची उलटी किंवा डांबरासारखी काळी शौच दिसली की सकाळची वाट न पाहता १०८ ला फोन करायचा आणि मेडिकल किंवा मेयो गाठायचं. अंगदुखीच्या गोळ्या आणि जडीबुटीही बंद.

काका चौथ्या दिवशी गेले. कारण निघालं हिपॅटायटिस बी, अनेक वर्षांपासूनचा. दारू न पिणाऱ्याचंही लिव्हर त्यानं, नाहीतर साखर आणि चरबीनं, सडतं. टीबीच्या गोळ्या घेणाऱ्यालाही उलट्या किंवा पिवळेपणा दिसला तर तिथल्या डॉक्टरांना त्याच दिवशी सांगावं.

हिपॅटायटिस बी आणि सीची तपासणी व औषधं २०१८ पासून राष्ट्रीय कार्यक्रमात सरकारी दवाखान्यात मोफत मिळतात. बाळाला जन्मल्यावर २४ तासांत बीची लसही मोफत. काकांच्या घरी पुढच्याच आठवड्यात सगळ्यांचं रक्त तपासलं. धाकट्याला बी निघाला. त्याला कसलाही त्रास नव्हता. आता त्याची गोळी सुरू आहे आणि दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी होते.