यंत्र नवं, सोनं जुनं आणि मध्ये खिळेच खिळे!

ऑस्ट्रेलियातल्या व्हिक्टोरिया राज्यात आजही एखादा माणूस मेटल डिटेक्टर घेऊन रानात सोनं शोधायला निघाला, तर त्याला कुणी वेड्यात काढत नाही. पण नवं यंत्र हाती आलं की पहिल्याच रविवारी घबाड लागेल, अशी समजूत करून घेणाऱ्याची फजिती मात्र ठरलेली. अशा नवशिक्यांसाठी या छंदाची ही बाराखडी.

५ फेब्रुवारी १८६९. व्हिक्टोरियातल्या मोलिआगुल या आडगावी जॉन डीसन आणि रिचर्ड ओट्स हे दोन खाणकामगार एका झाडाच्या मुळांजवळची माती उकरत होते. जमिनीखाली जेमतेम तीन सेंटिमीटरवर कुदळ अडली. दगड असेल असं वाटलं, पण निघाला सोन्याचा गोळा! जवळच्या डनॉली गावातल्या तराजूत तो मावेना. शेवटी लोहाराच्या ऐरणीवर त्याचे तुकडे करावे लागले. वितळवल्यावर त्यातून सुमारे ७१ किलो सोनं मिळालं. आजच्या दहा ग्रॅमच्या तोळ्याने हिशेब केला, तर ७१०० तोळे! या गोळ्याला नाव पडलं ‘वेलकम स्ट्रेंजर’, म्हणजे ‘या, पाहुणे!’

पुढे १९८० मध्ये त्याच मुलखातल्या किंगोवर गावाजवळ मेटल डिटेक्टर वाजला आणि हातभर खोलीच्या आतच २७.२ किलोंचा खडा मिळाला. ‘हँड ऑफ फेथ’ नावाचा हा खडा लास वेगासच्या एका कॅसिनोने दहा लाख डॉलरहून जास्त मोजून विकत घेतला. डिटेक्टरने सापडलेला जगातला हा सर्वांत मोठा खडा. अगदी अलीकडे, २०२३ मध्ये, एका हौशी माणसाला याच भागात ४.६ किलोंचा दगड मिळाला. त्यात २.६ किलो सोनं होतं, आणि त्याच्या हातातला डिटेक्टर साधारण बाराशे ऑस्ट्रेलियन डॉलरचा, म्हणजे तसा स्वस्तातलाच होता.

अशा बातम्या वाचल्या की कुणाचेही हात शिवशिवणारच. त्यात २०२५ मध्ये भारतात दहा ग्रॅम सोन्याने एक लाख रुपयांचा टप्पा ओलांडला, तेव्हा तर मोह आणखी वाढला. मेलबर्नमध्ये मराठी कुटुंबं काही कमी नाहीत, आणि सोन्याचा हा मुलूख तिथून दोन-अडीच तासांच्या अंतरावर आहे. पण रिकाम्या हाताने घरी परतणाऱ्यांच्या बातम्या होत नाहीत, हे यंत्राचे पैसे मोजण्याआधी लक्षात घेतलेलं बरं.

यंत्राला सोनं कळत नाही

पहिला गैरसमज दूर करायचा तो हाच. डिटेक्टर सोनं शोधत नाही, धातू शोधतो. त्याच्या टोकाशी असलेल्या तबकडीत तारेचं वेटोळं असतं. त्यातून वीज खेळवली की भोवती चुंबकीय क्षेत्र तयार होतं. ते जमिनीतल्या धातूपर्यंत पोहोचलं की त्या धातूतही छोटे, भोवऱ्यासारखे विद्युतप्रवाह फिरू लागतात. त्या प्रवाहांची चाहूल यंत्राला लागते आणि हेडफोनमध्ये आवाज येतो. मग खाली सोनं असो, बंदुकीचा छर्रा असो की गंजका खिळा!

हे तंत्र जुनंच. १८८१ मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष गारफिल्ड यांना गोळी लागली, तेव्हा टेलिफोनकर्ते अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल असंच एक यंत्र घेऊन त्यांच्या शरीरातली गोळी शोधायला गेले होते. यंत्र वाजलं खरं, पण गादीखालच्या लोखंडी स्प्रिंगांनी घोटाळा केला. शिवाय डॉक्टरांनी तपासू दिली ती चुकीची बाजू. गोळी सापडलीच नाही. यंत्र चांगलं असून भागत नाही. ते कुठे फिरवायचं आणि भोवती काय आहे, हेही कळावं लागतं.

कोणतं यंत्र घ्यावं?

बाजारात मुख्यतः दोन जातींची यंत्रं आहेत. पहिल्या जातीचं यंत्र सतत लहरी सोडत राहतं. ते हलकं आणि त्या मानाने स्वस्त. वरच्या थरातले बारीक कण ते छान पकडतं, लोखंड कुठलं याचा थोडाफार अंदाजही देतं. पण माती लोहयुक्त असली की ते गोंधळतं. कोकणातल्या जांभ्याची तांबडी माती आठवा. व्हिक्टोरियातही बऱ्याच ठिकाणी अशीच लोहाने माखलेली जमीन आहे, तिथे मातीच यंत्राला वाजवते.

दुसऱ्या जातीचं यंत्र विजेचे अगदी छोटे झटके देतं आणि दोन झटक्यांच्या मधल्या शांततेत कान देऊन ऐकतं. ते अशा जमिनीतही खोलवर पोहोचतं. १९८५ साली सुरू झालेल्या ‘माइनलॅब’ या ऑस्ट्रेलियन कंपनीने १९९५ मध्ये या जातीचं सुधारित यंत्र आणलं आणि आधी पिंजून काढलेल्या रानांतही पुन्हा सोनं सापडू लागलं. मात्र या जातीतली वरच्या दर्जाची यंत्रं दहा हजार ऑस्ट्रेलियन डॉलरच्या आसपास जातात. म्हणून शहाणा माणूस कर्ज काढून यंत्र घेत नाही. आधी ते भाड्याने घ्यावं किंवा एखाद्या अनुभवी माणसाबरोबर दोन-चार फेऱ्या माराव्यात.

पहिला दिवस अंगणातच

यंत्र आलं की थेट रानात पळू नये. आधी पुस्तिका वाचावी, बॅटरी पूर्ण चार्ज करावी. मग मोकळ्या जागी शिशाचा छोटा तुकडा, एक खिळा आणि बाटलीचं बूच वेगवेगळ्या खोलीवर पुरून त्यांचे आवाज कानात बसवावेत. शिशाचा आवाज सोन्याशी पुष्कळ मिळताजुळता असतो.

रानात गेल्यावर पहिलं काम म्हणजे यंत्राची जमिनीशी ओळख करून देणं. अनेक यंत्रांत तबकडी जमिनीवर खालीवर हलवत राहायची असते. मातीचा आवाज निवला की यंत्र जुळलं असं समजावं. संवेदनशीलतेचं बटण शेवटपर्यंत पिळण्याचा मोह नवशिक्याला हमखास होतो. त्याने यंत्र किरकिरतं आणि सोन्याची बारीक हाक त्यात बुडून जाते. बटण थोडं मागे घ्यावं, यंत्र शांत होऊ द्यावं.

मग तबकडी जमिनीला जवळजवळ टेकवून, सपाट धरून, सावकाश फिरवायची. प्रत्येक फेरा आधीच्या फेऱ्यावर थोडा चढला पाहिजे. बाई अंगण सारवताना एक हात दुसऱ्यावर चढवते ना, तसंच! फेऱ्याच्या टोकाला हात वर उचलला की तेवढी जमीन सुटलीच. मोबाइल, किल्ल्या, पोलादी टोकाचे बूट दूर ठेवावेत. बोटातली अंगठीसुद्धा काढलेली बरी, नाहीतर स्वतःचंच सोनं ‘सापडायचं’!

वाजलं की खणा

जागा कशी निवडायची? साधा नियम असा, की जिथे पूर्वी सोनं मिळालं तिथेच पुन्हा शोधावं. बॅलरॅट, बेंडिगो, डनॉली, मेरीबरो, टार्नागुला, वेडरबर्न ही १८५१ नंतरच्या सोन्याच्या लाटेतली गावं. जुन्या खाणकामगारांनी उपसलेल्या मातीचे ढिगारे, गारगोटीचे तुकडे विखुरलेले उतार, कोरडे ओहोळ, अशा ठिकाणांपासून सुरुवात करावी.

आवाज आला की खणायचं. ‘लोखंडच असेल’ म्हणून सोडायचं नाही, कारण नवशिक्याचा कान अजून कच्चा असतो. कुदळीला चुंबक बसवलेलं असलं की खिळे त्याला आपोआप चिकटतात. माती प्लॅस्टिकच्या सुपलीत घ्यावी, तबकडीवरून न्यावी. वाजली तर अर्धी टाकून उरलेली पुन्हा तपासावी. असं करत करत चिमूटभर माती उरते, आणि तिच्यात कधीतरी ते पिवळं झळकतं. सोनं पाण्याच्या १९ पट जड आणि मऊ. दाबलं तर चेपतं, फुटत नाही. चकाकून फसवणारं माक्षिक ठोकलं की त्याचा चुरा होतो.

कधी सोनं निघत नाही, पण भलतंच काही हाती लागतं. २०१५ मध्ये मेरीबरोजवळ एकाला १७ किलोंचा तांबूस दगड सापडला. आत सोनं असेल म्हणून त्याने करवत, ड्रिल, आम्ल, घण सगळं वापरून पाहिलं, पण दगड फुटेना. काही वर्षांनी तो मेलबर्नच्या संग्रहालयात नेला, तेव्हा कळलं, ती ४६० कोटी वर्षांपूर्वीची उल्का होती!

परवाना आणि भान

व्हिक्टोरियात ‘मायनर्स राइट’ नावाचा, दहा वर्षं चालणारा परवाना अल्प शुल्कात मिळतो. तो असला की सापडलेलं सोनं तुमचं. पण फक्त हाताची अवजारं वापरायची, खणलेला प्रत्येक खड्डा बुजवायचा, खासगी जमिनीत मालकाची परवानगी घ्यायची. बहुतेक राष्ट्रीय उद्यानांत मनाई आहे आणि आदिवासींच्या वारसास्थळांना धक्का लावायचा नाही. रानात जुन्या खाणींचे उघडे खड्डे आणि विषारी साप असतात. उन्हाळ्यात वणव्याचं भय. पाणी भरपूर न्यावं आणि कुठे जातोय ते घरी सांगून निघावं.

आपल्याकडे मात्र हे चालायचं नाही. छंदापुरता असा परवाना भारतात नाही. १९५७ च्या खाण व खनिज कायद्याप्रमाणे सरकारी परवानगीवाचून खनिजाचा शोधही घेता येत नाही. जमिनीत पुरलेलं, दहा रुपयांहून अधिक किमतीचं धन सापडलं, तर १८७८ च्या कायद्यानुसार जिल्हाधिकाऱ्यांना कळवावंच लागतं. २०२५ मध्ये ‘छावा’ चित्रपटात बऱ्हाणपूरच्या लुटीचा प्रसंग आला आणि असीरगडाजवळच्या शेतांत रात्रीच्या अंधारात माणसं टॉर्च अन् मेटल डिटेक्टर घेऊन खणत सुटली. पोलिसांना धावावं लागलं. शेतं उकरली गेली ती दुसऱ्याची.

तेव्हा हा छंद करायचा तो जिथे कायदा मुभा देतो तिथेच, आणि हिशेब आधीच मनाशी पक्का करून. सुरुवातीला पिशवीत पडतात ते खिळे, काडतुसाचे तुकडे, बुटांच्या टाचण्या. मग एके दिवशी सापडतो तो गुंजभर खडा. त्याने यंत्राचे पैसे फिटत नाहीत, कित्येकांचे तर कधीच फिटत नाहीत. पण दिवसभराची पायपीट, कोवळं ऊन, कान देऊन ऐकायची सवय आणि मुलांच्या तळहातावर ठेवता येईल असं, आपल्या हाताने मातीतून काढलेलं सोनं, एवढ्यावर ज्याचं समाधान होतं, त्यानेच नव्या यंत्राचं खोकं उघडावं.