आधी तिथी, मग चौपाटी

मुंबईत पाहुणे आले की त्यांच्या यादीत चौपाटी असतेच. आणि आपण त्यांना नेतो कधी? तर आपल्या सोयीने. रविवार, संध्याकाळची सहाची वेळ, भेळ, कुल्फी, दोन फोटो आणि परत. पण मैत्रिणींनो, गिरगावात सून म्हणून आल्यापासून मी एक पाहिलंय, या वाळूवर आपलं घड्याळ चालत नाही. सकाळी जिथे पोरं क्रिकेट खेळत असतात तिथे दुपारी लाटा असतात, आणि रात्री पुन्हा ओली वाळू. किनारा उताराला अगदी सपाट. त्यामुळे पाणी उभं दोन-तीन मीटर उतरलं, तरी आडवं पाहिलं तर कुठल्या कुठे गेलेलं दिसतं.

याचं गणित मला शिकवलं आमच्या मासेवाल्या मावशींनी. शाळेत कधी गेल्या नाहीत, पण हिशेब पक्का. तिथीची पाऊणपट करायची, की भरतीची वेळ आली. चतुर्थी असेल तर चार पाऊणे तीन, म्हणजे तीन वाजता पूर्ण भरती. अष्टमीला सहा वाजता. एकादशीला सव्वाआठ. शुद्ध असो की वद्य, हिशेब तोच. त्यापुढे साधारण सहा तासांनी ओहोटी, आणि पुढच्या सहा तासांनी पुन्हा भरती. अर्धा तास इकडे-तिकडे होतो, पण काम भागतं. म्हणजे बघा, संकष्टीसाठी आणि एकादशीसाठी आपण जी दिनदर्शिका रोज चाळतो, तीच समुद्राचं वेळापत्रकही आहे. आपल्यातल्या किती जणींना हे ठाऊक असतं?

आता यातली गंमत. पौर्णिमा-अमावास्येला भरती येते दुपारी बाराच्या आसपास आणि मध्यरात्री. संध्याकाळी मात्र पूर्ण ओहोटी. म्हणून पुनवेचा चंद्र बघायला हौसेने गेलात तर चंद्र मिळतो, पाणी नाही. समोर लांबच लांब गाळमिश्रित वाळू. हे उधाणाचे दिवस. पाणी चढतंही जास्त आणि उतरतंही जास्त. उलट अष्टमी-नवमीला भांगाची भरती, पाण्याची चढउतार निम्म्याहूनही कमी. सूर्य आणि चंद्र एका रेषेत ओढतात तेव्हा उधाण, काटकोनात ओढतात तेव्हा भांग. भूगोलात हे आपण पाठ केलं होतं, परीक्षा झाली आणि विसरलो!

समुद्र कुणासाठी थांबत नाही, हे २०२५ च्या गणेशोत्सवात सगळ्या मुंबईने पाहिलं. लालबागच्या राजाची मिरवणूक ७ सप्टेंबरला सकाळी गिरगाव चौपाटीवर पोचली. तिथी पौर्णिमा. म्हणजे दुपारपर्यंत पाणी वाढतच जाणार. मूर्ती पाण्यात, भोवती लाटा, आणि तराफ्यावर काही केल्या चढेना. अखेर पाणी ओसरल्यावर दुपारनंतर ती तराफ्यावर गेली आणि विसर्जनाला रात्रीचे नऊ वाजले. गर्दी, पोलीस, कोळी बांधव, सगळे तासन् तास थांबून. मावशी म्हणाल्या, "दर्याला नवस नाय चालत."

आमच्याकडे यंदा माघात ह्यांच्या आत्या आल्या होत्या, यवतमाळहून, लग्नासाठी. वय चौऱ्याहत्तर, दोन्ही गुडघ्यांची ऑपरेशनं झालेली. उभ्या जन्मात समुद्र पाहिलेला नाही. पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी सकाळी सातला त्या गाडीतून उतरल्या. ह्यांनी टॅक्सी मुद्दाम मरीन ड्राइव्हवरून आणली, तर नेमकी ओहोटी. आत्या म्हणाल्या, "एवढा दूर काऊन गेला वं समुद्र?" त्यांना पाण्यात पाय बुडवायचे होते. एवढीच इच्छा. पण ओल्या गाळातून एवढं अंतर त्या चालणार कशा? हे म्हणाले, "उचलून नेऊ." आत्या म्हणजे काय सामान आहे?

मी म्हटलं, "आत्या, अष्टमीपर्यंत थांबा." त्यावर त्या हसल्या, "समुद्र पाहाले मुहूर्त लागते काय?" लागतो! अष्टमीला आम्ही साडेपाचला निघालो, बरोबर एक घडीची खुर्ची. कोरड्या वाळूची पट्टी ओलांडली की पाणी समोरच. भांगाचं असल्यामुळे लाटाही बेताच्या. खुर्ची कडेला ठेवली, तर पाणीच हळूहळू त्यांच्या पावलांपर्यंत आलं. आत्या काही बोलल्या नाहीत. लुगडं जरा वर धरून बसून राहिल्या. मग ओंजळीत पाणी घेऊन जिभेला लावून पाहिलं. "खारटच हाय," म्हणाल्या, जणू इतकी वर्षं लोक आपल्याला फसवताहेत असंच त्यांना वाटत होतं. पाऊण तासाने पाणी मागे सरायला लागलं, तेव्हाच उठल्या. भेळ खाल्ली नाही. तिखट चालत नाही.

पावसाळ्यात मात्र हा हिशेब घेऊन पाण्याशी जाऊ नका. तिथी वेळ सांगते, वारा नाही सांगत. २०२३ च्या जूनमध्ये बिपरजॉय वादळाने समुद्र खवळलेला असताना जुहूला पाण्यात गेलेली चार मुलं बुडाली. पालिका दर पावसाळ्याआधी साडेचार मीटरहून मोठ्या भरतीच्या दिवसांची यादी जाहीर करते, ती कापून फ्रीजवर लावा. मुलं बरोबर असतील तर पाणी चढतंय की उतरतंय, हे आधी पाहा. वाळूत एक काडी रोवा आणि दहा मिनिटं नजर ठेवा. काडीपर्यंत पाणी आलं, की चपला, पिशव्या आणि पोरं मागे घ्यायची. आणि जीवरक्षकाची शिट्टी वाजली तर "आणखी एकच लाट" म्हणणाऱ्या लेकाला दंडाला धरून बाहेर काढायचं, त्याने कितीही भोकाड पसरलं तरी.