उंदराच्या मूत्रातले प्रथिन

भोर-वेल्ह्याकडे भाताची पोती हलवली की खालून तो ओळखीचा उग्र दर्प येतो. दर्प उंदराच्या मूत्राचा, हे सर्वांना ठाऊक. पण त्या मूत्रात भरपूर प्रथिने असतात म्हटले की प्रश्न येतो, ‘म्हणजे त्याची किडनी बिघडलेली?’ शंका रास्त आहे. माणसाच्या लघवीतून दिवसाला सुमारे 150 मिलिग्रॅमपेक्षा जास्त प्रथिन गेले, तर डॉक्टर पुढच्या तपासण्या सांगतात. घरातल्या छोट्या उंदरात मात्र हा आजार नव्हे. त्याचे यकृतच ही प्रथिने तयार करते, आणि ती मूत्रातून बाहेर सोडली जातात.

कानात खोचलेला अत्तराचा फाया आठवा. उघडे अत्तर लवकर उडते. कापूस ते धरून ठेवतो. या प्रथिनाच्या पोकळीतही फेरोमोन (स्वजातीयांना संदेश देणारी रसायने) अडकतात आणि सावकाश सुटतात. म्हणून मूत्राची खूण वाळली तरी ‘ही हद्द माझी’ हा निरोप टिकतो. नराच्या अशा एका प्रथिनाला ब्रिटिश संशोधकांनी 2010 मध्ये ‘डार्सिन’ म्हटले. जेन ऑस्टिनच्या कादंबरीतल्या डार्सीवरून!

आपल्याला मात्र या मूत्रापासून लेप्टोस्पायरोसिस या आजाराचा धोका असतो. पोत्यांखालची जागा कोरडी झाडू नका. आधी जंतुनाशक शिंपडा, हातमोजे घाला.