जालन्याहून पहिल्यांदा ‘टेकफेस्ट’ किंवा ‘वेव्ज’ला जायचंय? पास काढण्याआधी एवढं समजून घ्या

डिसेंबर आला की रील्समध्ये एक दृश्य हमखास दिसतं. पवईच्या आयआयटीत दोन रोबोट एकमेकांवर तुटून पडलेत, ठिणग्या उडताहेत आणि बाहेरची गर्दी ओरडतेय. खाली कमेंटमध्ये कुणीतरी विचारतं, “आम्हाला पण येता येतं का?”

येतं. पण ‘येता येतं का’ यापेक्षा ‘जाऊन करायचं काय’ हा प्रश्न जास्त महत्त्वाचा आहे. पुण्या-मुंबईचा मुलगा सकाळी जाऊन संध्याकाळी घरी येतो. जालना, अंबड किंवा मंठ्याहून जायचं तर प्रवासाच्या दोन रात्री, राहण्याचा खर्च, कॉलेजची किंवा कामाची सुट्टी आणि घरच्यांची परवानगी एवढं सगळं जमवावं लागतं. इतकं करून तीन दिवस रांगेत उभं राहायचं आणि गेटसमोरचा फोटो घेऊन परत यायचं, हे बऱ्याच जणांचं होतं.

तसं होऊ नये म्हणून हे फेस्टिव्हल चालतात कसे, ते आधी बघू.

हे फेस्टिव्हल म्हणजे नेमकं काय?

कला आणि तंत्रज्ञान एकाच मांडवाखाली आणणाऱ्या मेळाव्यांमध्ये जगभर नाव घेतलं जातं ते अमेरिकेतल्या ऑस्टिन शहरातल्या ‘साउथ बाय साउथवेस्ट’चं. १९८७ साली तो संगीताचा मेळावा म्हणून सुरू झाला. पहिल्या वर्षी जेमतेम ७०० लोकांनी नोंदणी केली होती. १९९४ मध्ये त्याला सिनेमा आणि मल्टिमीडियाची जोड मिळाली.

२००७ साली याच फेस्टिव्हलमध्ये ट्विटर गाजलं. कंपनीने त्यासाठी मोठं व्यासपीठ घेतलं नव्हतं. लोक येता-जाता थांबतात त्या मोकळ्या जागेत मोठे स्क्रीन लावले आणि त्यावर तिथल्याच लोकांचे ट्वीट दाखवले. त्या काही दिवसांत रोजच्या ट्वीटची संख्या सुमारे २० हजारांवरून ६० हजारांवर गेली. मुख्य हॉलच्या बाहेरही बरंच काही घडत असतं, हे यातून लक्षात ठेवायचं.

आपल्याकडे या प्रकारातली दोन मोठी नावं आहेत.

पहिलं ‘टेकफेस्ट’. आयआयटी मुंबईचे विद्यार्थी १९९८ पासून ते भरवतात. रोबोटच्या लढती, प्रदर्शनं, व्याख्यानं, वर्कशॉप आणि स्पर्धा असा सगळा बेत असतो. ‘सोफिया’ हा माणसासारखा दिसणारा रोबोट ३० डिसेंबर २०१७ रोजी साडी नेसून भारतात पहिल्यांदा लोकांसमोर आला, तो याच फेस्टिव्हलमध्ये.

दुसरं ‘वेव्ज’. केंद्र सरकारच्या माहिती आणि प्रसारण मंत्रालयाने १ ते ४ मे २०२५ या काळात मुंबईच्या वांद्रे-कुर्ला संकुलात, म्हणजे बीकेसीत ते भरवलं. अॅनिमेशन, गेमिंग, कॉमिक्स, सिनेमा, रेडिओ, संगीत आणि एआय असे विषय तिथे होते. योगायोग म्हणजे १ मे ही आपल्या जिल्ह्याच्या स्थापनेचीही तारीख. जालना जिल्हा १ मे १९८१ ला झाला.

आत शिरायचे दोन दरवाजे

पहिल्यांदा जाणाऱ्याला वाटतं, पास काढला की झालं. पण अशा ठिकाणी शिरायचे दोन दरवाजे असतात.

पहिला दरवाजा प्रेक्षकाचा. नोंदणी करायची, पास घ्यायचा आणि बघायला जायचं. यात चूक काहीच नाही. पण पास म्हणजे सगळीकडे प्रवेश नव्हे. नोंदणी, वर्कशॉपची फी आणि राहण्याची सोय या तीन वेगवेगळ्या गोष्टी असतात. मोठ्या कार्यक्रमांना पुन्हा वेगळी नोंदणी लागू शकते. आपल्या पासात काय येतं आणि काय येत नाही, हे तिकीट काढायच्या आधी वाचा.

दुसरा दरवाजा कामाचा. याची रील फारशी फिरत नाही, पण लहान गावातल्या मुलामुलींसाठी हाच जास्त उपयोगाचा.

‘वेव्ज’च्या आधी कित्येक महिने ‘क्रिएट इन इंडिया चॅलेंज’ नावाने ३२ स्पर्धा घेतल्या गेल्या. त्यात रील, कॉमिक्स, अॅनिमेशन, मांगा, ट्रेलर आणि कम्युनिटी रेडिओचा कार्यक्रम असे प्रकार होते. नोंदणी जवळपास एक लाख झाली आणि त्यातून साडेसातशेच्या आसपास लोक अंतिम फेरीत पोहोचले. मुंबईत त्यांचं काम मांडायला ‘क्रिएटोस्फिअर’ नावाचं वेगळं दालन होतं.

आता प्रामाणिक हिशोब करू. एक लाखातून साडेसातशे म्हणजे शंभरात एकालाही संधी नाही. मग कशाला पाठवायचं?

कारण निवड झाली नाही तरी तुमच्या हातात एक पूर्ण झालेलं काम उरतं. शेवटची तारीख असल्यामुळे ते पूर्ण झालेलं असतं. पुढे प्रेक्षकाच्या दरवाजाने गेलात, तरी “मला अॅनिमेशन आवडतं” एवढंच सांगावं लागत नाही. “मी हे केलंय, दोन मिनिटं बघता का?” असं म्हणता येतं. समोरच्याचं वागणं तिथे बदलतं.

पण आपल्याकडे दाखवण्यासारखं काय आहे?

हा प्रश्न बहुतेकांच्या मनात येतो. मग मुंबईच्या पोरांसारखंच काहीतरी करायचा प्रयत्न होतो आणि त्यात आपण त्यांच्या मागेच राहतो. कारण ती गोष्ट त्यांच्या दारात असते.

उलट जिल्ह्यात काय आहे ते बघा. भोकरदन म्हणजे प्राचीन भोगवर्धन. तिथल्या उत्खननात हस्तिदंताची एक स्त्रीमूर्ती मिळाली. इटलीतल्या पॉम्पेई शहरात, ज्वालामुखीच्या राखेखाली, १९३८ साली सापडलेल्या भारतीय हस्तिदंती मूर्तीशी तिचं साम्य आहे. दोन हजार वर्षांपूर्वी आपल्या भागातला व्यापार कुठवर पोहोचला होता, यावर एक कॉमिक होऊ शकतं, गेम होऊ शकतो, ९० सेकंदांची रीलही होऊ शकते.

जालन्यात सळया बनवणारे स्टीलचे कारखाने आहेत, बियाणं उद्योग आहे, मोसंबीच्या बागा आहेत, धुळवडीचा हत्ती रिसाला आहे. रोबोटिक्स करत असाल तर मोसंबीची प्रतवारी करणारं साधं यंत्र हा खराखुरा प्रश्न आहे. बागवान तुम्हाला त्यातल्या दहा अडचणी तोंडपाठ सांगेल. शहरातल्या टीमला तो बागवान शोधत यावं लागेल.

पाठवण्याआधी अटी वाचा

स्पर्धेचा फॉर्म भरताना ‘मला मान्य आहे’ या चौकोनावर आपण न वाचता टिचकी मारतो. इथे मात्र थांबा.

भारताच्या कॉपीराइट कायद्यानुसार, म्हणजे १९५७ च्या कायद्यानुसार, तुम्ही स्वतःहून केलेल्या कामाचे पहिले मालक तुम्हीच असता. नोकरीत किंवा कुणाच्या पैशांवर केलेल्या कामाचे नियम वेगळे आहेत. हक्क दुसऱ्याला द्यायचे तर ते लेखी द्यावे लागतात. कोणते हक्क, किती काळासाठी आणि कोणत्या प्रदेशासाठी, हे त्यात यायला हवं. काळ लिहिलेला नसेल तर कायदा तो पाच वर्षं धरतो. प्रदेश लिहिलेला नसेल तर फक्त भारत धरला जातो.

म्हणून अटींमध्ये तीन गोष्टी शोधा. आयोजक तुमचं काम फक्त प्रसिद्धीसाठी दाखवणार आहेत, की सगळे हक्क कायमचे घेणार आहेत? निवड झाली नाही तरी हक्क जातात का? तेच काम तुम्हाला दुसरीकडे पाठवता येईल का? उत्तर पटलं नाही तर ते काम पाठवू नका, दुसरं पाठवा.

तसंच, रीलला दुसऱ्याचं गाणं लावू नका. इन्स्टाग्रामवर चालणारं गाणं स्पर्धेत चालेलच असं नाही. एआय वापरलं असेल आणि नियमात ते सांगायला लावलं असेल, तर स्पष्ट लिहा. पास किंवा प्रवेशिकेचे पैसे भरायचे तर अधिकृत वेबसाइटवरच भरा. व्हॉट्सअॅपवर आलेल्या लिंकवर किंवा कुणाच्या वैयक्तिक क्यूआर कोडवर नको.

तिथे पोहोचल्यावर तीन दिवस कसे काढायचे?

वेळापत्रक बघितलं की डोकं गरगरतं. एकाच वेळी पाच-सहा ठिकाणी काहीतरी चालू असतं. सगळं बघायचं ठरवलं तर अर्धा वेळ चालण्यात आणि अर्धा रांगेत जातो.

साधा नियम ठेवा. दिवसाला एक मोठा कार्यक्रम आणि दोन छोटे. मोठ्या पाहुण्यांची भाषणं बऱ्याचदा नंतर यूट्यूबवर येतात. वर्कशॉपमध्ये विचारलेला प्रश्न आणि स्टॉलवर झालेली ओळख यूट्यूबवर येत नाही. त्यामुळे दोन्ही एकाच वेळी असतील तर छोटी खोली निवडा.

स्टॉलवर जाण्याची चांगली वेळ म्हणजे सकाळी दार उघडल्यानंतरचा पहिला तास. दुपारनंतर तिथल्या माणसाला बोलायला फुरसत नसते. ‘तुमच्याकडे नोकरी आहे का?’ इथून सुरुवात करू नका. ‘हे बनवताना सगळ्यात जास्त वेळ कशात गेला?’ असं विचारा. काम करणारा माणूस या प्रश्नावर मनापासून बोलतो.

इंग्रजीची भीती वाटत असेल तर स्वतःची ओळख तीन वाक्यांत तयार ठेवा. मी कुठला, मी काय करतो, मी काय केलंय. पुढचं हिंदीत बोला. समोरचा मराठी असेल तर मराठीत बोला. तुमचं काम मोबाईलमध्ये डाउनलोड करून ठेवा, कारण गर्दीत नेटवर्क दगा देतं. नमुना एका मिनिटाचा पुरे.

बॅगेत ओळखपत्र, पासची छापील प्रत, पॉवर बँक, पाण्याची बाटली आणि आरामदायी चप्पल-बूट असू द्या. आत खाणं महाग पडतं. डबा आत नेऊ देतात का, ते आधी पाहा.

जालन्याहून जायचं कसं?

मुंबईची वंदे भारत ३० डिसेंबर २०२३ ला सुरू झाली तेव्हा जालन्याहूनच सुटायची. ऑगस्ट २०२५ पासून ती नांदेडहून सुटते. तिने गेलात तर मुंबईत दुपार होते, म्हणजे पहिल्या दिवसाची सकाळ हातची जाते. सकाळपासून फेस्टिव्हल गाठायचं असेल तर देवगिरीसारखी रात्रीची गाडी बरी. रात्री जालन्यात बसलं की सकाळी मुंबई. जाण्याआधी चालू वेळापत्रक एकदा तपासा आणि तारीख जाहीर झाली की लगेच आरक्षण करा.

टेकफेस्टसाठी सीएसएमटीपर्यंत जायची गरज नाही. ठाण्याला उतरून धिमी लोकल पकडा आणि कांजूरमार्गला उतरा. तिथून आयआयटीला रिक्षा किंवा बस मिळते. बीकेसीला जायचं असेल तर दादरहून भुयारी मेट्रो सोयीची आहे.

शक्य असेल तर तिघा-चौघांनी मिळून जा. रिक्षा आणि खोलीचा खर्च वाटला जातो. शिवाय चौघांनी चार वेगवेगळे कार्यक्रम बघून रात्री एकमेकांना सांगितले, तर एका पासात चार दिवसांचं बघून होतं. घरच्यांना राहण्याच्या ठिकाणाचा पत्ता आणि सोबतच्यांचे नंबर लिहून द्या. मुलींच्या बाबतीत घरून परवानगी मिळायला याचा फार उपयोग होतो.

परत आल्यावर

ज्यांच्याशी बोललात त्यांना आठवड्याच्या आत मेसेज करा. नुसतं ‘हाय सर’ नको. कुठे भेटलो, काय बोललो आणि माझ्या कामाची लिंक ही, एवढं लिहा. दहातल्या दोघांनी उत्तर दिलं तरी खूप झालं.

आणि एक गोष्ट जालनेकरांसाठी मुद्दाम. ऑस्ट्रियात लिंझ नावाचं शहर आहे. तेही आपल्यासारखंच पोलादाच्या कारखान्यांचं. १९७९ साली त्या शहराने ‘आर्स इलेक्ट्रॉनिका’ हा कला आणि तंत्रज्ञानाचा फेस्टिव्हल सुरू केला. पहिल्याच वर्षी डॅन्यूब नदीकाठी संगीताचा मोठा कार्यक्रम झाला. शहरातल्या लोकांना घरातले रेडिओ खिडकीत ठेवायला सांगितलं होतं, म्हणजे तेच संगीत गल्लोगल्ली ऐकू येईल. आज डिजिटल कला करणारे जगभरातले लोक त्या शहरात जातात.

तेव्हा मुंबईहून येताना तिथे कार्यक्रम कसा भरवतात, स्वयंसेवक काय करतात, स्पर्धा कशी घेतात, हेही बघून या. कॉलेजच्या हॉलमध्ये एका रविवारी दहा जणांनी आपापलं काम मांडलं, तर जालन्यातही सुरुवात होऊ शकते.

तोवर पहिलं पाऊल मात्र तिकिटाचं नको. पुढच्या स्पर्धांची घोषणा झाली की वेबसाइटवर यादी बघा, त्यातली एक निवडा आणि शेवटची तारीख कॅलेंडरवर लिहा. मग काम सुरू करा.